विश्रांतवाडी ते स्वारगेट, मार्गे मिसिसिपी

अमेरिका विश्रांतवाडीला सुरू होते आणि स्वारगेटला संपते, हे मला भाऊसाहेबांनी शिकवलं. मध्ये बंडगार्डनचा पूल लागतो, ती मिसिसिपी. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचा इतिहास फार अवघड नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. या विषयात दोनदा नापास झालेल्या बाईला त्यावर वाद घालायला तोंड नव्हतं.

ती बाई म्हणजे मी. वर्ध्याहून पुण्याला आलेली, विश्रांतवाडीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी आणि एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवणारी. एम.ए. बाहेरून करत होते. बाकीचे सगळे पेपर सुटले, ‘अमेरिकेचा इतिहास’ तेवढा राहिला. दोनदा बसले आणि दोन्ही वेळा अमेरिकेनं मला दारातूनच परत पाठवलं. आता जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची संधी होती. या वेळी राहिला असता तर सुटलेले पेपरही पाण्यात गेले असते आणि पुन्हा श्रीगणेशा करावा लागला असता. शिवाय कॉलेजात जूनमध्ये एक कायम जागा भरायची होती. प्राचार्यांनी मला सांगून ठेवलं होतं, की पदवी हातात असेल तर मुलाखतीला या, नसेल तर उगाच इस्त्रीची साडी नेसायचे कष्ट घेऊ नका. पुण्यात माणसं अशी मोकळेपणानं बोलतात.

अभ्यास केंद्रावर या विषयाला आम्ही दोघंच होतो. पहिल्या रविवारी सर आले नाहीत. दुसऱ्या रविवारीही आले नाहीत. रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर सफारी घातलेले एक सासष्ट-सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं पुढ्यात घेऊन बसले होते. तासभर वाट पाहून त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली, एक कोरा कागद काढला आणि त्यावर ‘आज रोजी समक्ष हजर राहिलो असता शिक्षक मिळून आले नाहीत’ असं वळणदार अक्षरात लिहिलं. खाली सही ठोकली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“मॅडम, पंच म्हणून सही करा.”

मी केली. पुढचे चार महिने मी त्यांच्या नाना कागदांवर सह्याच करत होते.

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. खेड्यात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायची रीत आहे आणि हे चौतीस वर्षं तलाठी होते. कुठली जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली, त्याची नोंद ठेवायची हा त्यांचा जन्मभराचा धंदा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी डोक्यातलं दप्तर काही बंद झालं नव्हतं. त्यांचं गाव विश्रांतवाडीच्या पुढे, आता शहरात जमा झालेलं. उसाचं रान बिल्डरला दिलं, त्यावर बारा मजली इमारत उभी राहिली आणि तिच्या सातव्या मजल्यावरचा फ्लॅट यांच्या वाट्याला आला. पाहुण्यांना घर दाखवताना ते हॉलला विहीर म्हणत आणि स्वयंपाकघराला बांधाकडची बाजू. गॅलरीत उभं राहून खाली बघत आणि म्हणत, ऊस व्हता तवा एवढ्या उंच कवा आलो न्हाई.

दारावर पितळेची पाटी होती. पाटीवर नाव, आणि नावाखालच्या ओळीवर काळी चिकटपट्टी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, खाली काही अपशब्द कोरले गेले असावेत. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, खुलासा केला. पाटी करतानाच त्यांनी ‘एम.ए. (इतिहास)’ कोरून घेतलं होतं. निकाल लागला की पट्टी काढायची, एका कामाला कारागीर दोनदा कशाला बोलवायचा? काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “नोकरीत व्हते तवा हापिसाचं कुलूप कवा येळंवर उघडलं न्हाई. आता अमेरिकेपायी पाचला उठत्यात.”

एवढे विषय असताना अमेरिकाच का घेतली, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, आपल्याकडच्या इतिहासात पानापानावर कुणाचा तरी पाहुणा निघतो. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर पुढच्या लग्नात पंगतीला बसायची पंचाईत. अमेरिकेत आपलं कुणी नाही, निर्धास्त लिहिता येतं. हे ते ज्या इमारतीत बसून म्हणत होते तिथल्या निम्म्या घरांतली मुलं अमेरिकेत होती, पण ती भाऊसाहेबांच्या लेखी नंतरची वस्ती.

त्यांना बसल्या जागी झोप यायची. चौतीस वर्षांत मीटिंगा फार झाल्या, हे त्याचं कारण. डोकं चालायचं तर बूड हललं पाहिजे, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो अमलात आणायला त्यांच्याकडे ज्येष्ठ नागरिकांचा बसपास होता. म्हणून आमचा अभ्यास सिटी बसमध्ये चाले. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला विश्रांतवाडीच्या स्टॉपवर भेटायचं, मागून दुसरी सीट धरायची, त्यांनी गाठोडं मांडीवर सोडायचं आणि मी वही उघडायची. विश्रांतवाडी म्हणजे तेरा वसाहती. येरवड्यापर्यंत स्वातंत्र्ययुद्ध उरकायचं. पूल म्हणजे मिसिसिपी, स्टेशन म्हणजे फ्रेंचांकडून विकत घेतलेला मुलूख, पुढे कॅम्पातून कुरणं आणि डोंगर ओलांडत स्वारगेटला कॅलिफोर्निया, सोन्याच्या खाणी आणि एकेक उसाचा रस. परतीच्या वाटेवर यादवी युद्ध. पुन्हा विश्रांतवाडीला पोचेपर्यंत महामंदी आलेली असायची आणि भूकही.

मी सुरुवातीला येरवड्याहून पुढे मेट्रोनं जाऊ या म्हणून सुचवलं होतं. त्यांनी एकदा करूनही पाहिलं, पण तेरा वसाहतींची नावं संपायच्या आत उतरायची वेळ आली. इतक्या वेगानं गेलेला देश लक्षात राहत नाही, म्हणाले.

बसमधली माणसं पहिल्यांदा बघत, मग सरावली. एकदा पुढच्या सीटवरच्या एका पांढऱ्या टोपीवाल्या आजोबांनी मान वळवून विचारलं, “अहो, आपण बोस्टनला उतरणार असाल तर मी खिडकीशी बसू का?” भाऊसाहेबांनी गंभीरपणे सांगितलं की बोस्टन मागंच गेलं. कंडक्टरलाही आमचा अभ्यासक्रम पाठ झाला होता. येरवड्याच्या चौकात गाडी अडकली की तो तिकिटं फाडता फाडता बजावायचा, आज स्वातंत्र्य लांबणार, पुढे रस्ता खोदलाय.

भाऊसाहेब कुठल्याही राष्ट्राध्यक्षाचं नाव घेत नसत. पहिले साहेब, तिसरे साहेब, सातवे साहेब, सोळावे साहेब. मी म्हणायची, अहो, नावं लिहिली नाहीत तर मार्क कापतील. ते म्हणायचे, “साहेब बदलतो, सही बदलते, जमीन हलत न्हाई. ध्यानात जमीन ठेवा.” त्यांनी चौतीस वर्षांत एकवीस तहसीलदार पाहिले होते आणि त्यांतल्या एकाचंही नाव त्यांना सांगता येत नव्हतं. कोणी कुठली जमीन कुणाच्या नावावर करायला लावली, ते मात्र गट नंबरासकट पाठ होतं.

त्यांच्या नोट्स म्हणजे मजा होती. प्रत्येक धडा फेरफाराच्या नमुन्यात. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढवताना तलाठी जी नोंद करतो तो फेरफार. देणार कोण, घेणार कोण, चतुःसीमा काय, ताबा कुणाचा, आणि शेवटी शेरा. समुद्रात चहाच्या पेट्या फेकल्या त्या पानावर ‘पंचनामा आढळून येत नाही, पेट्यांची संख्या ऐकीव’ असा शेरा होता. तिसऱ्या साहेबांनी फ्रेंचांकडून मुलूख घेतला त्या पानाखाली तर त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं, की देणाराचा ताबा कधीच नव्हता, सबब व्यवहार संशयास्पद. मी गाईड घोकून दोनदा नापास झाले होते. हे मात्र एकदा वाचलं की जाता जात नसे. कुठल्याही मुलखाच्या चारी बाजू मी झोपेतून उठवलं तरी सांगू लागले.

एकच गोष्ट डोक्यात जायची. प्रत्येक धड्याला ते विचारत, “नोटीस कुनाला बजावली?”

कुठलाही फेरफार करायचा तर आधी नोटीस काढावी लागते. ज्याची हरकत असेल त्यानं पंधरा दिवसांत येऊन सांगावं, नाहीतर नोंद कायम. भाऊसाहेबांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना कुणी, कधी, कुठल्या भाषेत नोटीस दिली ते हवं होतं. पुस्तकात ते नव्हतं. ते दर वेळी विचारत आणि मी दर वेळी नाही म्हणे. पुलावर यायची वेळ आणि मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकलल्याचा धडा नेमका एकच. तिथं आलं की आमची गाडी, रस्ता मोकळा असला तरी, अडायचीच. ती माणसं कोर्टात गेली, कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, तरी त्यांना जावं लागलं, हे मी पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा भाऊसाहेबांनी खिडकीतून खाली पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, निकाल आणि ताबा, दोन्हींत लई अंतर असतं.

पेपर आठ दिवसांवर आला होता. मला यादवी युद्धाची कारणं अजून नीट येत नव्हती आणि आम्ही पुन्हा पुलावर, पुन्हा नोटिशीशी अडलो होतो. माझा तोल सुटला. मी म्हटलं, “भाऊसाहेब, नोटिशीचं तुम्हाला एवढं काय पडलंय? तो प्रश्न वीस मार्कांचा आहे, आणि येईलच असंही नाही.”

ते रागावले नाहीत. गाठोड्यातला कागद घडी घालून आत ठेवला आणि सांगायला लागले. नोकरीच्या पाचव्या वर्षी ते लांबच्या एका गावात होते. तिथल्या तिघा भावांनी बहिणीचं नाव सातबारावरून कमी करायचा अर्ज दिला. बहिणीनं हक्क सोडल्याचा कागद जोडला होता, खाली अंगठा. भाऊसाहेबांनी नियमाप्रमाणे नोटीस काढली आणि चावडीच्या भिंतीला चिकटवली. बहीण तेव्हा ऊसतोडीला परजिल्ह्यात. तिच्या कानावर गेलं तशी ती निघाली, एस.टी. चुकली, शेवटचे आठ कोस चालत आली आणि चावडीत पोचली ती सोळाव्या दिवशी सकाळी. म्हणाली, अंगठा माझा न्हाई. भाऊसाहेबांनी तिला सांगितलं, बाई, मुदत काल संपली.

“भांडली न्हाई,” ते म्हणाले. “रडलीबी न्हाई. म्हनली, मग मी आले व्हते, एवढं तरी लिवा. म्या म्हनलं, तसा रकाना न्हाई.”

पुढे गाडी सरकली. थोड्या वेळानं ते म्हणाले, “खरंच नव्हता, मॅडम. मी खोटं काय बोललो न्हाई.”

लाज वाटली, एवढं खरं. मी मार्कांचं बोलले होते. त्या दिवशी आम्ही स्टेशनावरच उतरलो. कॅलिफोर्नियाला गेलो नाही.

पेपरच्या दिवशी ते माझ्या पुढे दोन बाक होते. प्रश्नपत्रिका हातात आली आणि माझं डोकं धुतल्यासारखं रिकामं झालं. पाचांपैकी चार प्रश्न सोडवायचे होते आणि एकाचंही पहिलं वाक्य आठवेना. जून, प्राचार्य, इस्त्रीची साडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग मी डोळे मिटले आणि विश्रांतवाडीला बसमध्ये चढले. येरवडा आला, पूल आला, स्टेशन आलं. एकेका स्टॉपला एकेक मुद्दा उभा होता, गर्दीच्या वेळी प्रवासी असतात तसा. मी त्यांना भराभर आत घेतलं. इतक्या भराभर, की तिसऱ्या पानावर गेल्यावर लक्षात आलं, मी सरळ ‘तिसऱ्या साहेबांनी फ्रेंचांकडून’ असं लिहीत आलेय. सहा ठिकाणी खाडाखोड करून नावं घातली. सोळावे साहेब एका जागी तसेच राहिले, ते मला घरी आल्यावर आठवलं. तपासणाऱ्यानं त्यांचं काय केलं, कोण जाणे.

पाचवा प्रश्न मूळ रहिवाशांच्या स्थलांतराचा होता. मी तो सोडला. भाऊसाहेब पुरवणीमागून पुरवणी मागून घेत होते आणि मला बरं वाटत होतं, की चला, चिकटपट्टी निघणार.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की पेपर उत्तम गेला. एकच प्रश्न लिहिला, पण मनासारखा लिहिला.

मी भर रस्त्यात त्यांच्यावर आवाज चढवला. तुमचीही शेवटचीच संधी होती, म्हटलं. पाटी कोरून ठेवलीय, काकू पाचला उठून चहा करतात, बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुम्हीच मला शिकवलीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चावडीत बसून त्यांनी आयुष्यभर लोकांचं ऐकलं असणार, सवय होती.

“प्रश्न पुढ्यात आला,” ते म्हणाले. “बाजूला सारता आला न्हाई.”

निकाल लागला. मी काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला. मुलाखत झाली आणि जागा मला मिळाली. प्राचार्य म्हणाले, साडी कामी आली म्हणायची. भाऊसाहेबांना ऐंशीपैकी अकरा मार्क होते. मी पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी दोन खाल्ले, काकूंना दोन दिले आणि माझ्या गुणपत्रिकेवर मागच्या बाजूला पेन्सिलनं ‘पाहिले’ असं लिहून सही केली. मी ते अजून खोडलेलं नाही. नापास माणसाला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, दुःख लपवतायत.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला, घरी या, कागद आलाय. त्यांनी रीतसर अर्ज करून आपल्या उत्तरपत्रिकेची नक्कल मागवली होती. मी गेले. पाटीवरची काळी पट्टी तशीच होती, फक्त कडा जरा सुटल्या होत्या आणि कुणीतरी त्या पुन्हा दाबून बसवल्या होत्या. भाऊसाहेब विहिरीत, म्हणजे हॉलमध्ये, सोफ्यावर गाठोडं घेऊन बसले होते. नक्कल वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. प्रत्येक पानावर कोपऱ्यात विद्यापीठाचा गोल शिक्का.

ते म्हणाले, निवृत्त तलाठ्याला दप्तरात एक अक्षर घालायची मुभा नसते. पेन्शनीच्या फॉर्मावर सही तेवढी करता येते. अन् हे बघा, आपल्या हातचं अक्षर, वर शिक्का, आवक नंबर सगळं. मी काय ठरवून गेलो न्हवतो, मॅडम. रिकामी जागा दिसली.

मी वाचायला घेतलं. पुरवण्यांसकट सगळी पानं मूळ रहिवाशांची होती, फेरफाराच्या नमुन्यात. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस मिसिसिपी. ताबा पिढीजात. नोटीस बजावल्याचे दिसून येत नाही. निकाल हरकतदारांच्या बाजूने, ताबा दिला नाही. तपासणाऱ्यानं समासात लिहिलं होतं, ‘मुद्देसूद लिहा.’ शेवटच्या पानावर तळाशी पाच ओळी होत्या आणि त्यांच्याभोवती लाल शाईचं मोठं प्रश्नचिन्ह.

‘शेरा. हरकतदार बाई मुदतीनंतर एक दिवसाने समक्ष हजर. आठ कोस पायी आल्याचे सांगते. अंगठा आपला नसल्याचे सांगते. त्या वेळी रकाना नव्हता, सबब नोंद येथे घेतली. बाई आली होती.’

खाली सहीची जागा कोरी होती. उत्तरपत्रिकेत सही केली तर गैरप्रकार धरतात, म्हणून नियम पाळला होता. आता त्यांनी खिशातून पेन काढलं, त्या कोऱ्या जागी स्वतःची सही केली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

“मॅडम, पंच म्हणून सही करा.”

मी केली. मग तारीख घालावी की नाही कळेना, म्हणून त्यांच्याकडे बघितलं.

“घाला,” भाऊसाहेब म्हणाले. “किती उशीर झाला ते दिसू द्या.”

मी तारीख घातली.